चिठ्ठीबिगर हुकूम

मु. पो. पिंगळी

प्रिय मित्र धम्मपालराव यांना रंगनाथचा सप्रेम जयभीम.

वहिनींचे गुडघे, साक्षीची परीक्षा आणि तुमचा तो जुना खोकला, तिन्हींची खुशाली कळवा. सोमवारी परभणीला माझं ऑपरेशन आहे. (घाबरू नका, मी घाबरलेलो नाही. फोनच केला असता, पण आमच्या पार्वतीबाई फोन लागला की शेजारी येऊन लसूण सोलत बसतात. म्हणून पत्र पाथरीच्या जीपवाल्याहाती.)

तर बातमी अशी, की माझ्या ब्लडप्रेशरचा चोर सापडला! तीन-तीन गोळ्या चालू, बिनमिठाचं वरण गिळून जिभेचं पार लाकूड झालं, तरी प्रेशर एकशे ऐंशीच्या खाली उतरंना. वर पायात गोळे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, फोटो काढले अन् कागदावर चित्र काढून समजावलं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असती म्हणे. अंगात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी चिठ्ठी सोडती, ती फिरत फिरत ग्रंथीला पोचती, मग ग्रंथी हार्मोन सोडून किडनीला हुकूम देती, मीठ बाहेर जाऊ देऊ नको. मीठ थांबलं की पाणी थांबतं, पाणी साचलं की प्रेशर चढतं. माझ्या डाव्या ग्रंथीत वाटाण्याएवढी गाठ झाली, आणि चिठ्ठी आलेली नसताना ती दिवसभर हुकूम सोडायलीय! अहो, आपण दोघांनी एकतीस वर्षं कालव्याच्या गेटवर काढली. लेखी आदेशाबिगर एकदा तरी चाक फिरवलं का? आणि माझ्याच पोटात असा बेशिस्त कर्मचारी! मला आजारापेक्षा ह्याचीच लय लाज वाटली. बाईंना म्हणलं, हिला आधी मेमो द्या.

खात्री करायला बाई म्हणाल्या, तीन दिवस मीठ जास्त खा आणि रोज प्रेशर मोजायला या. मीठ भरपूर आलं की शहाणी ग्रंथी गप बसती. धम्मपालराव, मी दवाखान्यातच नाचलो! लोणचं, पापड, ठेचा, खारे शेंगदाणे. शेजारच्या बायनाबाईंच्या बरणीतला खार तर बोटानं चाटला. पार्वतीबाई घासाघासाला डोळे वटारायल्या होत्या, पण डॉक्टरचा कागद मी खिशाला टाचणीनं लावून फिरत होतो. मग चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, रॉकेल तर नाही ना? मी म्हणलं, सरकारी नमुना आहे. लगेच खिडकीची सीट मिळाली.

रिपोर्ट आला: एवढं मीठ खाऊनही ग्रंथीबाईसाहेबांचे हुकूम चालूच. म्हणून ती ग्रंथीच काढणार, दुर्बिणीनं. दात काढल्यासारखंच असतं, असं मी पार्वतीबाईंना सांगितलंय.

कळावे. लोभ भरपूर आहे, मीठ तेवढं बंद आहे.

आपला,
रंगनाथ

ता. क. ऑपरेशनआधी पुन्हा तीन दिवस मीठ खावं लागतं, असं पार्वतीबाईंना फोन करून सांगा. (लागत नाही.)

ता. क. २. वर घाबरलेलो नाही असं लिहिलंय, ते खोटं आहे. लय भ्यालोय. पुराच्या साली गेट अडकलं तेव्हा मी पाण्यात उतरलो, ते कमरेच्या दोरीचं टोक तुमच्या हातात होतं म्हणून. सोमवारी सकाळी नऊला दवाखान्याच्या दारात या. दोरी आणू नका, नुसते या.