धोंडूची प्रार्थना

नांगल, पंजाब
डिसेंबर १९५६

शलमोनदादा,

पुन्हा तेच लिहिलंस. धोंडूने मरताना प्रभूची प्रार्थना म्हटली म्हणून त्याचा आत्मा तरला, आणि आता भायखळ्याच्या चर्चमध्ये मंडळीसमोर तू तशी साक्ष देणार. त्याच्या आईलाही सांगणार.

दादा, तू तिथे नव्हतास. लालबागला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात माझ्या या दोस्ताला गोळी लागली, तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो पाणी मागत होता. चाळीतल्या एका बाईने तांब्या आणून दिला, तो माझ्या हातात होता. मी म्हटलं, "आधी माझ्यामागून म्हण."

"म्हणतंय रे, पण पाणी दी," तो म्हणाला.

त्याने आमेनपर्यंत सगळं म्हटलं. मग मी तांब्या तोंडाला लावला, तर पाणी गालावरून खाली गेलं.

पाण्याचं तेवढंच मी तुला कळवलं नव्हतं. तो तरला की नाही, प्रभू जाणे. तीच प्रार्थना मी इथे धरणाच्या कामावर रोज म्हणतो. पण मन काही हलकं होत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. मनिऑर्डर मात्र उद्या करतो. तुझ्या नावाने नाही, धोंडूच्या आईच्या नावाने. जानेवारीत त्याचं वर्षश्राद्ध आहे, त्यासाठी तीस रुपये.

याकोब