निळ्याची बारी

रिठद, मार्गशीर्ष

प्रिय वैभवी,

त्या सकाळी अंगणात सडा टाकून झाला होता, म्हशीची धार काढून झाली होती, टाकीत पाणी चढत होतं आणि मी भाकरीचं पीठ मळत बसले होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तुझ्या बाबांची हाक आली, "वैभूची माय, तुही बारी आली. लवकर ये वं, लाइन जाईन." मी तशीच उठून गेले. कॉम्प्युटरच्या माऊसला पीठ लागू नये म्हणून त्यांनी त्यावर रुमालाची घडी ठेवली होती. तू शाळेचा ड्रेस घालून, रिबीन दातात धरून, भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. तेही भिंतीकडे वळले. पडद्यावर मी माझ्या घोडेस्वाराला लाकडाच्या ढिगापर्यंत नेलं, लाकूड उचललं, किल्ल्यात दोन पऱ्या भरती केल्या आणि दिवस संपवला. परत आले तेव्हा तवा नुकता तापला होता.

एवढंच. त्या सकाळी दुसरं काहीही झालं नाही. पण गेल्या आठवड्यापासून मला तीच सकाळ आठवते आहे. का आठवते ते सांगते, पण आधी इकडचं सांगू दे. सोयाबीन विकून झालं. तूर शेंगांवर आली आहे, सकाळी वावरात गेलं की पदर ओला होतो. माझा गुडघा बरा आहे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली जाड पुस्तकं संपत आली, आता मी पातळ पुस्तकांकडे वळले आहे. सोजरबाई शेजारून रोज येते आणि मी एकटी जेवले की नाही हे भांड्यात डोकावून पाहते.

तो कॉम्प्युटर आपल्या घरी कसा आला ते तुला ऐकूनच माहीत असेल. बाबांना बसथांब्याजवळ टायपिंगचं दुकान टाकायचं होतं. दुकान एक पावसाळा चाललं, मग कॉम्प्युटर घरी आला. अकोल्याच्या ज्या माणसाकडून तो घेतला होता त्यानं आपल्या मनानंच हा किल्ल्यांचा खेळ आत टाकून दिला होता. पहिला भाग आपण कधी पाहिलाच नाही. आपल्याला मिळाला तो दुसरा, आणि आपल्यासाठी तोच पहिला. बाबांनी निळा झेंडा घेतला आणि अजगरांचा किल्ला. तू हिरवा घेतलास आणि भुतांचा किल्ला, कारण त्यात हाडकांची फौज होती आणि लढाईत मेलेल्यांना उठवून आपल्याकडे घेता यायचं. मी राहिले, मला लाल मिळाला आणि पऱ्यांचा किल्ला. बारीही त्याच क्रमानं, आधी निळा, मग हिरवा, मग लाल. तिघांचा एकेक दिवस झाला की खेळातला एक दिवस संपायचा, आणि आठवडा पालटला की पाटी यायची, हा आठवडा अमक्या प्राण्याचा. खारीचा आठवडा आला की तू शाळेत जाऊन सगळ्यांना सांगायचीस. तुझ्या बाईंनी एकदा मला विचारलं होतं, हा कुठला सण.

माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीत आहे. मराठी मी नंतर पुड्यांच्या कागदांवरून पक्की केली, पण इंग्रजी अक्षरं मी त्या पडद्यावर शिकले. लाकडाच्या चित्राखाली जे लिहिलेलं ते लाकूड, सोन्याच्या खाली ते सोनं. दिवस संपवण्याचा शब्द मला सगळ्यात आधी वाचता आला.

दोन नियम बाबांनी केले होते. तिघं घरी असल्याशिवाय डाव उघडायचा नाही, आणि एकाची बारी असताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. दुसऱ्याचा नकाशा दिसला तर खेळात राहिलं काय. दुसरा नियम त्यांनीच केला आणि तेच सारखे आपल्यावर ओरडायचे, "पाहून राह्यली वं, चोरून पाहून राह्यली." त्यांची बारी सगळ्यात लांब. आपण दोघी भिंतीकडे तोंड करून गहू निवडायचो, तू पाढे म्हणायचीस, आणि मागून त्यांचं रडगाणं चालू असायचं. "मायाजवळ काही नाही बाप्पा. चार गडी अन् एक कुत्रं. कसा टिकू तुमच्या दोघीयपुढं." मी म्हणायची, मग खाण घेतलीत ती कशाला. ते म्हणायचे, "पोट भरासाठी." वीस वर्षांत त्यांनी एकदाही कबूल केलं नाही की त्यांच्याजवळ फौज आहे. आणि वीस वर्षं बहुतेक वेळा तेच जिंकले.

तू इंदूरला नोकरीला लागलीस त्या वर्षी लॅपटॉपवर नवा भाग घेऊन आली होतीस. त्यात डोंगर फिरवून पाहता येत होते, अजगराच्या अंगावरचे खवले मोजता येत होते. बाबांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण ह्याच्यातली माणसं खरी दिसतेत, मारावं वाटत नाही." मग तूच हसत उठलीस आणि आपला जुना सुरू केलास. त्याची चित्रं सपाट होती, पोळ्याला रंगवलेल्या बैलांसारखी भडक. पण कुठली वाट कुठं जाते ते स्वयंपाकघरातूनसुद्धा कळायचं. आणि ते किल्ल्यातलं गाणं. मी अजूनही भांडी घासताना तेच गुणगुणते, शब्द नाहीत म्हणून चुकतही नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत आपण सगळ्यात मोठा नकाशा काढला होता. तू निघायच्या दिवशी सकाळी शेवटची फेरी चालू होती. बाबांची बारी आली, ते बाह्या सरसावून बसले, आणि लाइन गेली. दर दिवसाला खेळ आपोआप साठवला जायचा, म्हणून डाव तेवढा वाचला. तू बॅग घेऊन उभी, रिसोडची गाडी यायची वेळ झालेली. ते चिडले थोडे, मग म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वेळी. मायी बारी आहे, ध्यानात ठेवजा." पुढच्या वेळेपर्यंत ते थांबले नाहीत. उन्हाळ्यात छातीत दुखलं, वाशिमला दवाखान्यात नेलं, आणि तू पोचलीस तेव्हा फक्त मी बाहेरच्या बाकावर बसलेली होते.

ह्या दिवाळीला तू दोन दिवस आलीस. स्वयंपाकघरात बसलीस, मागच्या अंगणात बसलीस, सोजरबाईकडेही बसलीस. कॉम्प्युटरच्या खोलीत आली नाहीस. मी मुद्दाम चहा तिकडे नेला, तर तू दारातून हात लांब करून कप घेतलास. जाताना म्हणालीस, "आई, बाबांच्या बारीला हात नको लावू. ती तशीच राहू दे." मी हो म्हटलं. मला ते खरंही वाटत होतं. मीही रोज कॉम्प्युटरवरची धूळ पुसायची आणि वरून फडकं टाकायची, देव्हाऱ्यावर टाकावं तसं.

मग गेल्या आठवड्यात मी तो नुसता सुरू करून पाहिला तर आतून कर्रकर्र आवाज यायला लागला. रिसोडहून राजूभाऊंना बोलावलं, बाबांच्या दुकानाच्या वेळेपासून तेच दुरुस्ती करतात. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, आतली डिस्क मरून राह्यली. काय पाहिजे ते आताच काढून घ्या." मी म्हटलं, एक डाव पाहिजे. ते हसले नाहीत. त्यांनी नवी डिस्क बसवली, जुन्यातलं सगळं त्यात आणलं, खेळ सुरू होतो का ते पाहिलं आणि मला म्हणाले, "पाहून घ्या, हाच ना?" पडदा काळा होता आणि मध्ये पाटी होती. निळ्याची बारी. राजूभाऊ चहा पिऊन गेले, पाटी तशीच होती.

मी खुर्ची ओढून बसले. माझ्या मनात आलं, हा माणूस थांब्यावर दोन मिनिटं गाडी आली नाही तर पायी चालायला लागायचा. जेवायला बसल्यावर भाकरी यायला उशीर झाला तर ताटावर बोटं वाजवायचा. त्याला आपण दोघींनी बारी देऊन ताटकळत ठेवलं आहे. तेवढ्यात सोजरबाई दारात आली आणि म्हणाली, "वैजयंते, काहून अशी बसली वं त्या डब्यापुढं?" मी म्हटलं, ह्यांची बारी आहे. ती म्हणाली, "मंग खेळ ना, ते काय आता येऊन राह्यले का?" आणि वाटीभर साखर घेऊन गेली. मी पाटीवर दाबलं.

वैभू, वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा नकाशा पाहिला. माझ्या किल्ल्याच्या पलीकडे तो डोंगर आहे ना, ज्याच्या मागे काही नाही असं ते शपथेवर सांगत होते, त्या डोंगरामागे त्यांचा दाढीवाला सरदार उभा होता, आपण ज्याला पाटील म्हणायचो तो. त्याच्याजवळ चार गडी नव्हते आणि कुत्रंही नव्हतं. काळे अजगर होते, इतके की पाटीत आकडा मावत नव्हता. माझ्या दारापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आणि माझा घोडेस्वार किल्ला उघडा टाकून लांब गंधक गोळा करत होता. तू बॅग भरत होतीस, मी तुझ्यासाठी शंकरपाळे बांधत होते, आणि हा माणूस बाह्या सरसावून माझा किल्ला घ्यायला बसला होता. मी हसले. मोठ्यानं हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी मग थोडा वेळ हसण्याचं राहिलं नाही, तेही सांगते. पण आधी हसणंच होतं.

मग प्रश्न आला. पाटलाला मला कुठंही नेता आलं असतं. दुसरीकडे वळवला असता तर माझा किल्ला वाचला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण बारी त्यांची होती. त्यांच्या बारीत त्यांनी जे केलं असतं तेच करायला हवं होतं, नाहीतर त्यापेक्षा तू म्हणालीस तसं फडकं टाकून ठेवणं बरं. मी पाटलाला डोंगराला वळसा घालून आणलं आणि माझ्याच किल्ल्यावर घातलं. दोन पऱ्या होत्या भिंतीवर. लाल झेंडा खाली गेला, निळा वर आला. त्यांचं ते गाणं वाजलं. मग मी त्यांची उरलेली कामंही केली, खाणी पाहिल्या, नवे अजगर भरती केले, आणि जो शब्द मला सगळ्यात आधी वाचता आला होता त्यावर दाबलं.

हे सांगायलाच हे पत्र लिहिलं. तू नको म्हणाली होतीस आणि मी बाबांची बारी खेळले, त्यांच्यासारखीच खेळले, आणि त्यांनी मला हरवलं. रागावशील तर रागाव, पण इथे येऊन रागाव. किल्ला गेला तरी एक आठवडा मिळतो, हा नियम तुला माहीत आहे. माझा घोडेस्वार अजून बाहेर आहे, गंधकाची पोती घेऊन. त्या आठवड्यात दुसरा किल्ला मिळवला तर मी डावात राहते. पण तुझी बारी माझ्या आधी आहे, तू खेळल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. आता पडद्यावर हिरव्याची पाटी आहे. मी ती दाबलेली नाही, दाबणारही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकून झाल्यावर मी तुझी खुर्ची पुसून कॉम्प्युटरसमोर ठेवली, आणि माझी, त्या सकाळी तू उभी होतीस तशी, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

तुझीच,
आई