गाडीतला उरलेला कोपरा

४ जानेवारी

व्हॅन आली अंगणात! नवीन नाही — दुकानाचीच, गुळाच्या भेल्या वाहून वाहून आतून चिकट झालेली. माझा नवरा पारस म्हणतो, हिचं आता फिरतं घर करू. गादी, गॅस, पाणी सगळं आत. हॉटेलात कांदा-लसणाची कटकट नको. पहिली सफर तोरणमाळ.

मम्मीजींना, म्हणजे सासूबाईंना, न्यायचंच असं मी ठरवलंय. लग्न होऊन इथे खापरला आल्या त्याला जमाना झाला, जिल्ह्यातलं तोरणमाळ पाहिलेलं नाही! विचारलं तर म्हणाल्या, "म्हनै कोनी जाणो. थे जाओ." मला नाही जायचं, तुम्ही जा. का नाही? (घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, आणि इथे माझी शहाद्याच्या शाळेतली मराठी.)

६ जानेवारी

दिवसभर मोबाईलवर व्हॅनच्या वस्तू. काय काय निघालंय! घडीचं टेबल, खिडकीला चिकटणारा पंखा. घडीची बादली — दाबली की ताटाएवढी. मागवली!

पारसने दिव्यांची माळ मागवली. "रात्री ओट्यावर उजेड." अहो, आपल्या जैन घरात दिवस मावळल्यावर कोणी पाणीसुद्धा पीत नाही, रात्री रांधणार कोण? माळ लावणार मात्र म्हणे.

९ जानेवारी

अंगणात उभ्या गाडीत स्वयंपाक करून पाहिला. शेगडी खिडकीजवळ ठेवली — वाऱ्याने विझली. सीटमागे ठेवली — पोळी लाटायला कोपर हलेना. शेवटी बाजूच्या सरकत्या दारात फळी टाकली. जमलं! पाण्याच्या कॅनच्या तोटीला मम्मीजींनी स्वतः गळणं, पाणी गाळायचं फडकं, बांधून दिलं. किती तरी वेळ आत बसून होत्या, गादी दाबून दाबून बघत. म्हणजे हौस आहे! मग येत का नाहीत?

वेल्डिंगवाला नवल म्हणाला, "वहिनी, मांगे एकच कोपरा बाकी शे. काय बसाडू?"

पारस — फ्रिज! बॅटरीवर चालणारा.

११ जानेवारी

फ्रिजच. बहुतेक.

१३ जानेवारी

नंदुरबारला जाऊन आलो, पप्पाजींचे डोळे दाखवायला. मम्मीजींचा चौविहार उपवास — अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. पप्पाजी दवाखान्यात शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "हमारी श्रीमतीजी घर से निकले तो उपवास ही करती है. तपस्वी है!" छाती ही एवढी फुगलेली.

परतताना माझे जे हाल झाले! रस्ताभर बाईमाणसाला जायला जागा नाही. एका पंपावर होतं, त्याला कुलूप. पारसला काय, झाड दिसलं की झालं. मी दात-ओठ खात घर गाठलं आणि चपलांसकट आत पळाले. मम्मीजी मात्र निवांत!

मग कॅलेंडर काढलं. आज ना आठम, ना चौदस, उपवासाची तिथीच नाही. गेल्या महिन्यात तळोद्याच्या लग्नाला गेलो तेव्हाही उपवास. बरोबर प्रवासाच्याच दिवशी कसा?

१४ जानेवारी

विचारलंच. तीळ भाजत होत्या.

"मम्मीजी, काल तुम्हाला एकदाही जावंसं वाटलं नाही?"

"पाणी पीऊं जद जाऊं नी!" प्यायले तर जावं लागेल ना! हसल्या.

नवरी होऊन राजस्थानातून बसने आल्या, तेव्हाच शिकल्या म्हणे. निघायच्या आदल्या दिवसापासून पाणी बंद. आधी लोक आग्रह करायचे, चहा घ्या, सरबत घ्या. उपवास सांगितला की कोणी विचारत नाही. पचखाण, म्हणजे उपवासाचा संकल्प, मात्र खरंच घेतात हं — हात जोडून, नियमाने. त्यात खोटं काही नाही.

मी नाही हसले. मला रडूच आलं. आणि राग — कोणाचा ते कळेना.

"पप्पाजी नै मत कहीजे," म्हणाल्या. त्यांना सांगू नकोस. त्यांना केवढा अभिमान!

१७ जानेवारी

पुन्हा मोबाईल. आज दुसरंच शोधलं — गाडीत ठेवायचा संडास! त्यातही किती प्रकार! वरच्या डब्यात पाणी, खालच्यात साठतं, मध्ये घट्ट सरकतं झाकण. रिकामा कसा करतात, धुतात कसा, सगळं एक बाई बिनधास्त सांगत होती. बघता बघता दूध उतू गेलं.

पारसला म्हटलं, फ्रिज रद्द. "अगं, उन्हाळ्यात काय करशील?" शिळं आपण खात नाही, रात्री जेवत नाही. फ्रिजमध्ये ठेवणार काय, तुमचं डोकं?

१९ जानेवारी

पप्पाजी भडकले! "चूल्हो अर संडास एक गाडी में? धरम डुबोणो है कांई?"

मम्मीजी खाली मान घालून गहू निवडत राहिल्या. खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "मला पाहिजे, पप्पाजी. मला रस्त्यात जावं लागतं."

सुनेने, सासऱ्यांच्या तोंडावर! पप्पाजी पेपरात शिरले ते बाहेरच येईनात. पण नाही म्हणाले नाहीत. जिंकले!

२२ जानेवारी

नवलने काम फक्कड केलं. मागचं दार वर उघडतं, त्याला पडदा. डबा रुळावर बाहेर सरकतो. स्वयंपाक बाजूच्या दारात, हे मागे, मध्ये पत्रा. "पडदा जाड लावज्यात, वहिनी. घाटमा वारा भलता ऱ्हास."

मी बसून पाहिलं. हलत नाही. मम्मीजींनी नुसतं लांबून पाहिलं आणि आत गेल्या.

२४ जानेवारी

मम्मीजींनी पिशवी भरली!! उद्याचं पचखाण घेणार का, ते विचारायचा धीर होत नाही.

२५ जानेवारी, तोरणमाळ

निघताना पप्पाजी शेजाऱ्यांना सांगायला लागले, "आज इनका उपवास —" मम्मीजींनी तिथेच तांब्या तोंडाला लावला. रिकामा करून ठेवला.

घाटात गाडी थांबवायला मम्मीजींनीच सांगितलं आणि मागे पडद्याआड गेल्या. मी जागची उठले नाही, ते पप्पाजींनी पाहिलं. जाड पडदासुद्धा उडत होता. पप्पाजी उतरले, आमच्याकडे पाठ केली आणि पडद्याचं टोक धरून उभे राहिले.

तळ्याकाठी त्यांनी स्वतः तोटीखाली ग्लास भरला, मम्मीजींच्या हातात दिला.

"पी ले," म्हणाले. "दिन बाकी है."