आंबुशीवरची निळी

मी, श्रीमती चंद्रकला भैयाजी हेडाऊ, वय ७६, राहणार मानेवाडा, नागपूर, पूर्ण शुद्धीवर व आपखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बीपीची गोळी घेतली आहे, त्यामुळे डोकेही शांत आहे. याआधीचे कोणतेही मृत्युपत्र नाही.

१. माझ्या नावावरचे राहते घर मुलगा सौरव याला द्यावे. मात्र मागची खोली व परसू माझी नणंद यमुताई हिच्याकडे हयातभर राहतील. परसात फरशी घालून गाडी उभी करायचे सौरवच्या फार मनात आहे. बेटा, आत्या आहे तोवर गाडी रस्त्यावर राहू दे.

२. बँकेतील ठेव सौरव व सून सोनिका यांना समान. बांगड्या सोनिकाला. भाचा भूपेश याला काही नाही. बर्डीच्या बाजारातून आणलेले माझे भिंग त्याने नेले ते नेलेच, तीच त्याची वाटणी समजावी.

३. हे कलम यमुताईसमोर वाचू नये.

भैयाजी गेले तेव्हा तिने खोलीचे दार लावून घेतले. लग्न केले नाही, भाऊ हेच तिचे सगळे. जेवायलाही येईना. एके सकाळी परसात आंबुशीच्या आंबट पाल्यावर छोटे निळे फुलपाखरू दिसले. मी मुद्दाम मोठ्याने म्हटले, "लिंबावरची निळी आली!"

आतून आवाज आला, "काहून वं वहिनी, दिसून नाही राहिलं काय तुले? आंबुशीवरची आहे ना वं!" आणि ती बाहेर आली. तेव्हापासून रोज सकाळी आमचे हेच भांडण.

सोनिका, हे भांडण मी तुला देते. आधी ओळख पक्की कर. उडताना दोन्ही सारख्याच दिसतात. पंख मिटून बसू दे, मग लुगडे उलटून वीण बघतो तशी खालची बाजू बघ. मागच्या पंखाच्या बुडाशी ठळक काळे ठिपके असले तर लिंबावरची. सगळेच बारीक नि सारखे असले तर आंबुशीवरची. हे भैयाजींनीच आम्हा दोघींना शिकवले. आपल्याकडे येते ती आंबुशीवरचीच. तरी तू रोज लिंबावरचीच म्हण आणि मुळीच माघार घेऊ नको.

ती तुला बेअक्कल म्हणेल. मी कित्येक वर्षे ऐकते आहे, आणि मला ते फार आवडते.

सही : चंद्रकला भैयाजी हेडाऊ

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार :
१. डॉ. रीना बोकडे
२. आनंदराव सोरते, शेजारी

नागपूर, दि. १४ सप्टेंबर २०२४