स्वामी जेवल्यावर मी

२७ जुलै, रविवार
सूनबाई महेश्वरी सोनपेठला माहेरी जाऊन आठवडा झाला. कारण मी. भाकरी करपली म्हणून ताट सरकवलं. सरकवलं म्हणजे, ते दारापर्यंत गेलं. मुलगा शिवप्रकाश म्हणतो, बाबा, तुमचा आवाज खाली आला की तिला आणतो. बापाला अट! पण मान वर करता आली नाही.
उपाय ठरला. श्रावणभर चहा बंद. आणि जंगम स्वामी घरी जेवल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. जंगम म्हणजे आम्हा लिंगायतांचे गुरू, चालता-बोलता शिव. शरीर वाळलं की राग वाळतो.

२८ जुलै, सोमवार
स्वामी सकाळीच जेवून गेले. दुकानात गिऱ्हाइकांशी हसून बोललो. राग जिंकणं सोपं आहे. लोक उगाच अवघड करतात.

३१ जुलै, गुरुवार
डोकं ठणकतंय. चहाचं विष निघतंय, चांगली खूण. दुकानात गिऱ्हाईक सरजाबाई एकेक साबण हुंगून परत ठेवायली होती. तिला दोन शब्द सुनावले. तर म्हणते कशी, "मालक, जेवून न्हाई आलाव व्हय?" तो राग नव्हता. शिस्त होती.

५ ऑगस्ट, मंगळवार
श्रावणात स्वामींना घरं फार. आमच्याकडे दुपार कलल्यावर आले. तोवर फॅनवर ओरडलो. हळू फिरत होता. उमादेवी म्हणाली, "राग न्हाई, भूक हाय ती. दोन घास खाल्ले तर महादेव रुसायलाय का? जेवल्यावर तुमी लय चांगले असता." बायकोला साधना कळत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार
शिवप्रकाशनं विचारलं, आता कसं वाटतं? म्हणालो, एकदम शांत. (नुकताच जेवलो होतो.) सोमवारी तिला घेऊन येतो म्हणाला. डोळे भरून आले.

१८ ऑगस्ट, सोमवार, दुपार
पुरणपोळीचा वास घरभर. स्वामींचा पत्ता नाही. आले ते घामेघूम, आधीच्या घरी पूजा लांबली म्हणे. मी तांब्या घेऊन पाय धुवायला बसलो आणि पाय धुता धुताच ओरडलो, "सगळ्या गावात जेवून झालं असंल, तर आता आमच्याकडं बसता का?"
मान वर केली. दारात शिवप्रकाश आणि महेश्वरी. तिनं स्वामींना लांबूनच हात जोडले. चप्पल न काढता माघारी फिरली. तोही तिच्या मागे गेला.
स्वामींचा पाय अजून माझ्या हातात होता. म्हणाले, "बसप्पा, आज तुमी आधी बसा. मी थांबतो." नेम मोडला. मान खाली घालून जेवलो. तिसऱ्या पोळीला राग कुठंच नव्हता. लाज तेवढी उरली.

संध्याकाळ
स्टँडवर गेलो. सोनपेठची बस निघून गेली होती. फोन लावला. शिवप्रकाश म्हणाला, "बाबा, जेवलाव का?" हो म्हणालो. "मग देतो तिला."
म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.
चुकलं, एवढं म्हणालो. बसच्या आवाजातून महेश्वरी म्हणाली, "मामा, हेच उपाशीपोटी म्हणून दाखवा. मग येते."