फ्रीजचा मधला कप्पा

११ मे, तिरोडा
आज माझ्या दह्याला फ्रीजमधून हद्दपार करण्यात आलं. सुनावणी नाही, अपील नाही. मधला कप्पा ग्लोब्युलिनच्या बाटल्यांसाठी राखीव. मी म्हटलं, नवऱ्यालाही नाही एवढा मान. सुनंदा म्हणाली, "नवरा उन्हात टिकतो. ह्या नाही टिकत."
सलाईन गुरुवारी, गोंदियाला. माझं शरीर रोगाशी लढणारं सैन्य तयारच करत नाही; दर महिन्याला हजारो अनोळखी लोकांच्या रक्तातलं उसनं आणायचं, तेच हे ग्लोब्युलिन. मागच्या वर्षी एक डोस हुकला. न्यूमोनिया, आयसीयू. पुढचं सुनंदालाच माहीत, मी शुद्धीत नव्हतो.

१२ मे
दुपारी वादळ, तार तुटली. खिडकीतून वीजकेंद्राची चिमणी दिसते आणि घरात मेणबत्ती. शेजारच्या बिसेनबाई धावत आल्या, "काऊन घाबरता भाऊजी? माह्या घरी इन्व्हर्टर हाये ना." बाटल्या त्यांच्याकडे. मी ऐटीत म्हटलं, "तान्ह्या पोरासारखं जपा. थंड ठेवा."
संध्याकाळी त्यांनीच डबा पाठवला. लाखोरीच्या डाळीचे वडे. चार जास्त खाल्ले.

१३ मे
लाईट आली. बाटल्या आणायला गेलो. फ्रीजरमध्ये. दगड.
"एकदम कडक थंड केल्या, भाऊजी!" चेहरा असा, की बक्षीस द्यावं.
डॉक्टर फोनवर: "गोठलं की संपलं. वितळवून वापरायचं नाही. फेका."
मग मी बोललो. जे बोललो ते इथंही लिहिण्यासारखं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "किती थंड, ते मले कोनी सांगतलं नाई जी."

१६ मे
गुरुवार गेला. नागपुरात माल नाही. दुकानदार: "ऊपर से आएगा तब देंगे, भाईसाब." ऊपर म्हणजे नक्की कुठे, विचारलं नाही.
घसा खवखवतोय. धूळ असेल. सुनंदा येता-जाता कपाळाला हात लावते. बांगड्या वाजल्या की मी तब्येतीत असल्यासारखा बसतो.
बिसेनबाईंचं दार बंद. सुनंदा म्हणाली, "तुमची जीभ ठेवायला हवी होती फ्रीजरमध्ये."

२० मे
आल्या बाटल्या! गोंदियापर्यंत सुनंदाने खोका मांडीवरून हलवला नाही. अर्धं सलाईन गेलं आणि हुडहुडी. सिस्टरने थांबवलं, पुन्हा थेंब-थेंब. संपायला संध्याकाळ.

२१ मे
ताप. डॉक्टर म्हणतात, औषधानंही येतो असा. किंवा मधल्या दिवसांत काही शिरलं असेल तर... उद्या उतरला नाही तर या, भरती करू. सुनंदाने पिशवी भरून ठेवली आहे.
वड्यांचा डबा ओट्यावर तसाच. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. दही भरलं, हळूच निघालो.
बिसेनबाईंनी दार उघडलं. डब्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "ताप हाये म्हनते?"
"आहे."
"मंग कायले उठले जी?"
डबा हातात दिला. म्हटलं, "दही आहे. फ्रीजर नको. मधला कप्पा."
या वेळी नीट सांगितलं.