चन्नवीर टीव्हीवर दिसला

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
मुंबई, दि. २१ जानेवारी १९७४

ती. कल्लण्णास,
धाकट्या हेमावतीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळी खुशाल आहोत. पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी नेऊ नकोस, आधी तू नीट वाच.

शेजारच्या लीलाबाईंनी दिवाळीत टीव्ही घेतला. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी निम्मी बिल्डिंग त्यांच्या खोलीत असते. पोरं पुढे सतरंजीवर, बायका मागे, पुरुष दारात. काल एक विनोदी नाटुकलं होतं. घराला रंग द्यायला आलेला रंगारी शिडी खांद्यावर घेऊन वळतो आणि मागच्याला आडवा करतो, शेवटी स्वतःच पडतो. तोंडानं एक शब्द नाही. सगळे पोट धरून हसत होते आणि मी पोरांना सारून पेटीजवळ सरकले. तो रंगारी आपला चन्नवीर होता.

खूण सांगते. पडायच्या आधी तो क्षणभर थांबून कानाची पाळी ओढतो, अगदी पूर्वीसारखी. चेहरा जवळून दाखवला तेव्हा डाव्या भुवईत फट दिसली. अप्पांचा कापड मोजायचा गज लागला होता तिथंच.

गड्ड्याच्या यात्रेतला सिनेमाचा तंबू तुला आठवत असेल. ते जुने मुके विनोदी सिनेमे बघायला आपण तिघं भावंडं पुढे मातीत बसायचो. घरी आलं की चन्नू स्वयंपाकघरात सगळा सिनेमा करून दाखवायचा आणि अव्वा भाकरी थापता थापता हसून डोळे पुसायची. मग बसवजयंतीच्या दिवशी भर दुकानात त्यानं अप्पांच्या लंगडण्याची नक्कल केली. गिऱ्हाइकं हसली, अप्पांनी गज उचलला, आणि दुसऱ्या दिवशी पंधरा वर्षांचं पोर घरात नव्हतं. येत्या बसवजयंतीला अठरा वर्षं होतील.

टीव्ही केंद्रात जाऊन चौकशी करू का? अव्वाला कळवायचं का? तू थोरला, तू सांगशील तसं करीन. वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी
हेमा


सोलापूर, दि. २८ जानेवारी १९७४

चि. सौ. हेमावतीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचल्यापासून गिऱ्हाइकानं दीड मीटर सांगितलं तर मी दोन फाडतोय.

हेमा, तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. पोरसवदा चेहरा तेहतिसाव्या वर्षी तसाच कसा राहील? ती टीव्हीची पेटी सोलापुरात अजून आलेली नाही, पण बघून आलेले सांगतात की माणसं धुरकट दिसतात. आणि कान ओढणारी माणसं जगात लई असतील की.

अप्पांना संक्रांतीपासून धाप लागते. डॉक्टरांनी बजावलंय, आनंदाचासुद्धा धक्का नको. अव्वाच्या पोटात गोष्ट राहणार नाही हे तुला माहीत आहे. उद्या तो नाहीच निघाला, तर या दोघांना कोण सावरणार? आणि तोच असला, तरी परळला नाटकवाल्यांत राहून ज्याला घराची आठवण झाली नाही, त्याच्या मागं आपण कुटं धावायचं? केंद्रात जाऊ नकोस. थोरला म्हणून सांगतोय, एवढं ऐक.

शेंगाचटणीचा डबा मुंबईला निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला आहे. जावईबापूंना म्हणावं, हुरड्याला बोलावलं तर आला नाहीत, आता चटणीवर भागवा. मुलांना आशीर्वाद. मनात काही आणू नकोस.

तुझा
कल्लण्णा


मुंबई, दि. ४ फेब्रुवारी १९७४

ती. कल्लण्णास,
शि. सा. न. वि. वि.

डबा मिळाला. तुझं ऐकलं नाही, त्याची माफी आधीच मागते. शुक्रवारी मी केंद्रात जाऊन आले. दारावरच्या माणसानं सांगितलं की कलाकारांचे पत्ते देत नाहीत, पण चिठ्ठी पोचवतो म्हणाला. मी त्यावर एवढंच लिहिलं की मी सोलापूरची हेमा, आणि खाली आमचा पत्ता.

आता तुला एक विचारते. माझ्या पत्रात मी परळचं नाव काढलं नव्हतं. नाटकवाल्यांचंही नाही. मी रंगारी म्हटलं, टीव्ही म्हटलं. यांनाही विचारलं, की मी कधी बोलण्यात तरी परळ म्हटलं होतं का. तेही नाही म्हणाले. मग तुला परळ कुठून सुचलं?

चार दिवस हे पत्र लिहायचं टाळत होते, कारण एकदा विचारलं की मागं घेता येणार नाही. शिवरात्रीच्या आत तुझं उत्तर आलं नाही, तर मी गाडीत बसेन आणि अव्वासमोर हेच विचारीन. अप्पांची तब्येत कशी आहे ते खरं खरं कळव.

हेमा


सोलापूर, दि. ११ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. हेमास,
आशीर्वाद.

अप्पा आता भिंतीला टेकूनच झोपतात. हे खरं आहे. बाकीचंही खरंच लिहितो.

तो गेला त्या वर्षीच्या दिवाळीत दुकानाच्या पत्त्यावर त्याचं कार्ड आलं होतं. परळला एका नाटक कंपनीत झाडलोट करतो, अप्पांचा राग उतरला असेल तर एक ओळ लिही, मी येतो, असं माझ्या नावानं लिहिलं होतं. मी कार्ड गादीखाली ठेवलं. संध्याकाळी सांगू म्हटलं. ती संध्याकाळ गेली, दुसरीही गेली.

तो होता तोवर घरात सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. मी दिवसभर दुकानात राबून यायचो आणि अव्वा हसायची त्याच्यासाठी. मला कधी कुणाला हसवता आलं नाही. तो गेल्यावर अप्पा माझ्याशी बोलू लागले. अव्वा माझं ताट आधी वाढू लागली. मला ते सोडवलं नाही, हेमा. आठ दिवसांनी मी उत्तर लिहिलं. अप्पांनी तुझं नाव टाकलं आहे, येऊ नकोस. पुन्हा कार्ड आलं नाही.

अप्पांनी नाव टाकलं नव्हतं. तो गेल्यावर तीन महिने ते रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन मुंबईची गाडी बघायचे. व्यापारी येणार आहे म्हणून लोकांना सांगायचे. पायानं अधू, म्हणून मी दंड धरून शेजारी उभा असायचो. म्हणजे कार्ड यायच्या आधीच मला सगळं माहीत होतं.

एकोणीस वर्षांचा होतो, असं स्वतःला सांगत आलो. पण तिसाव्या वर्षीही सांगता आलं असतं. आता तू काय करशील ते कर. आज स्वतःला अण्णा लिहवत नाही.

कल्लप्पा


मुंबई, दि. १८ फेब्रुवारी १९७४

ती. कल्लण्णास,
नमस्कार.

काल दुपारी चन्नू आला. दार उघडलं तेव्हा हातात माझी चिठ्ठी होती. केस पिकायला लागलेत. लग्न केलेलं नाही. चहा घेतला, जेवायला थांबला नाही.

अप्पा आजारी आहेत, चल म्हटलं. तो म्हणाला, की ज्या घरानं नाव टाकलं तिथं मरणाच्या निमित्तानं जाऊन उभं राहणं त्याला जमणार नाही. तुझं ते कार्ड त्यानं कितीतरी वर्षं खिशात बाळगलं, घड्यांवर फाटून तुकडे झाले तेव्हा टाकलं. जाताना जिन्यात थांबून त्यानं विचारलं, की अव्वा अजून हसते का.

मी त्याला काही सांगितलेलं नाही. लिहिलंस तू, तर खोडायचंही तूच. अप्पांना आणि अव्वालाही तूच सांग. त्याचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. आठ दिवस थांबेन. अप्पांकडे त्याहून जास्त दिवस आहेत की नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

मुलांना माझे आशीर्वाद दे. त्यांचा यात काही दोष नाही.

हेमा


सोलापूर, दि. ६ मार्च १९७४

चि. सौ. हेमास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी चन्नूला लिहिलं, काही न लपवता. पेटीत टाकून घरी आलो आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. अव्वा उठून आत गेली. अप्पा म्हणाले, की स्टेशनवर तू माझा दंड धरून उभा होतास. तो दिवस आणि पुढचे पाच दिवस मी घरात कसा वावरलो ते लिहीत नाही. डॉक्टर दोनदा येऊन गेले. चन्नूचं उत्तर नव्हतं.

सहाव्या दिवशी, मंगळवारी, तो दारात उभा राहिला. अप्पांना उठवेना. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि पोटापाण्याला काय करतोस विचारलं. त्यानं सांगितलं, की लोकांसमोर पडतो, लोक हसतात. अप्पांनी विचारलं, पडताना लागतं का. तो म्हणाला, शिकलं की नाही लागत. अप्पांनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

चार दिवस राहिला. अव्वानं त्याला समोर बसवून कडक भाकरी आणि पातळ भाजी वाढली, आणि तो जेवत असताना नुसती बघत राहिली. हसली का म्हणशील, तर अजून नाही. माझ्याशी तो आंघोळीच्या पाण्यापुरतं बोलला. निघताना दोघांच्या पाया पडला. माझ्यासमोर येऊन क्षणभर थांबला, मग पिशवी उचलली. पाडव्याला परत येतो असं अप्पांना सांगून गेलाय. अप्पा तेवढ्यावर थोडं जेवू लागलेत.

आणखी एक लिहायचं राहिलं. अव्वाला वाचता येत नाही, म्हणून आजवर तुझी सगळी पत्रं मीच तिला वाचून दाखवत आलो. काल तुझं कार्ड आलं. मी ते तिच्या हातात दिलं आणि वाचायला चष्मा शोधू लागलो. तिनं पदर डोक्यावर घेतला, चपला घातल्या आणि कार्ड घेऊन शेजारच्या पद्मजाकडून वाचून घ्यायला गेली. मी चष्मा परत ठेवून दिला.

तू पत्र लिहीत जा. मला नाही, तर तिला लिही. लोभ मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
कल्लण्णा